हर्णै-मुरुड-आंजर्ले: राहून आलेल्यांनी अनुभव लिहा

दिवाळीनंतर दापोलीकडे जायचं घाटतंय. हर्णैला राहायचं की मुरुडला यावरून घरात दोन तट पडलेत, आमच्या ह्यांना मासळी हवी आणि सासूबाई माळकरी. कॉलेजात असताना खेडला उतरून एसटीने गेले होते, त्यातलं आता फक्त घाटातलं ऊन आणि किल्ल्यापर्यंत जाता आलं नाही हे आठवतंय. जे राहून आलेत, ज्यांचं आजोळ तिकडं आहे त्यांनी सविस्तर लिहा. हॉटेलांच्या जाहिराती नकोत.

खवय्या_ठाणेकर
हर्णैला पोहायला वगैरे जाऊ नका, ते बंदर आहे. वास येणार, पायाखाली चिखल येणार, चप्पल जुनी घाला. पण संध्याकाळी चारनंतरचा लिलाव चुकवलात तर गेलात कशाला असं मी म्हणेन! मोठ्या बोटी लांब खोल पाण्यात नांगरून उभ्या असतात, तिथून होडक्यांनी मासळी येते आणि आम्ही गेलो तेव्हा बैलगाड्या चक्क पाण्यात घुसत होत्या, बैलांच्या पोटाला पाणी लागेस्तोवर, जाताना बर्फ न्यायचा आणि येताना मासळी भरून आणायची. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी, माकूल यांचे ढीग आणि भोवती गोल करून बोली चाललेली, आपल्याला आकडा कळेपर्यंत ढीग उचललेला असतो. ती बोली व्यापाऱ्यांची, त्यात आपण तोंड घालायचं नाही. बाजूला बसलेल्या मावश्यांकडे वाटे मिळतात, घासाघीस करा, पण त्या तुमच्यापेक्षा हुशार आहेत हे धरून चाला. साफ करून द्यायला बायका बसलेल्या असतात, त्याचे पैसे वेगळे. आम्ही घरगुती खानावळीत नेऊन दिलं, काकूंनी सुरमई तळली आणि कोळंबीचं नारळ वाटून कालवण केलं. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा बायकोने टेबलाखालून पाय मारला.

पोफळीची_सावली
आजोळ आसूदचं आहे, म्हणून थोडं लांबण लावते. लोक केशवराजला येतात, फोटो काढतात आणि पंधरा मिनिटांत परत, अरे जरा बसा की! पोफळीच्या बागांमधून उतरत ओढ्यावरच्या पुलापर्यंत जायचं, मग चढण, आणि वर देवळात गोमुखातून पाणी पडत असतं, डोंगरातून दगडी पन्हळीने आणलेलं. भर मे महिन्यातसुद्धा खाली बागेत गारवा असतो. ज्या बागांमधून वाट जाते त्या कुणाच्यातरी घरच्या आहेत हे लक्षात ठेवा, पडलेली सुपारी उचलून खिशात घालू नका, हे मुद्दाम सांगतेय कारण डोळ्यांनी बघितलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मामाच्या बागेतली अर्धी झाडं आडवी झाली, कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. पोफळ लावली की लगेच काही सुपारी मिळत नाही, वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्यामुळे आता बागेत उंच झाडं आणि त्यांच्यामध्ये कंबरेएवढी रोपं असं दिसलं तर ते त्या वादळाचं आहे. मामाने मग घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, गावात बऱ्याच जणांनी तेच केलं.

शाकाहारी_पण_हौशी
ताई, सासूबाई असतील तर मुरुडला राहा, डोळे झाकून. महर्षी कर्व्यांचं गाव, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ चालत जाण्यासारखं. घरगुती जेवण मिळतं पण माणसं किती ते आधी सांगावं लागतं, ऐनवेळी जाऊन बसलं तर नुसता वरणभात. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही, मूर्ती उजव्या सोंडेची. एका ठिकाणी मात्र आम्हाला 'सी व्ह्यू' म्हणून जी खोली दिली तिच्या खिडकीतून नारळाची झावळी सोडून काही दिसत नव्हतं, विचारलं तर म्हणे वाऱ्याने बाजूला झाली की दिसतो.

गडी_भटक्या
सुवर्णदुर्ग करा!! हर्णैहून होडी मिळते, पावसाळ्यात बंद. धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून आज्जींना किनाऱ्यावर कनकदुर्गाजवळ बसवा, दीपगृह तिथंच आहे. किल्ल्याच्या दरवाज्यात पायरीवर कासव कोरलंय आणि तटाला मारुती, घाईत दोन्ही सुटतात. आत झाडी माजलीये, सावलीला हॉटेल वगैरे काही नाही, पाणी घेऊन जा. हा आंग्र्यांचा किल्ला, १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपलंच आरमार आपणच इंग्रजांच्या मदतीने मोडायला निघालो, यावर तिथं तटावर बसून आमच्या ग्रुपमध्ये जे भांडण झालं ते दापोलीच्या बसस्टँडपर्यंत मिटलं नव्हतं.

पाजेचा_पाहुणा
बायकोचं माहेर पाजपंढरी, हर्णैजवळचं कोळ्यांचं गाव, सासरे आयुष्यभर बोटीवर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा येऊन ताजं पापलेट मागू नका, जे मिळेल ते बर्फातलं. वारा फिरला की सगळ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात, त्या दिवशी लिलाव नाही, कुणावर चिडून उपयोग नाही. आणि लिलावात फोटो काढताना टोपल्यांच्या मधे उभे राहू नका, डोक्यावर पाटी घेतलेली बाई तुमच्या सेल्फीसाठी थांबणार नाही, ढकलून जाईल आणि वर दोन शब्द ऐकवेल.

धागाकर्ती
सगळ्यांना धन्यवाद, मुरुड ठरलं, हर्णैला संध्याकाळी ह्यांना सोडून येणार. लेक कासवं कासवं करतेय, दिवाळीत दिसतील का?

पोफळीची_सावली
नाही गं. अंडी घालायला माद्या थंडीत येतात, पिल्लं साधारण शिमग्याच्या आसपास समुद्रात सोडतात, आंजर्ले नाहीतर वेळास. नक्की दिवस आधी कुणी सांगू शकत नाही, गावात फोन करून विचारायचं. परीक्षा मधे येणार तुमची.