सीमधील स्ट्रक्ट जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवावे का?

धागाकर्ता:
एका भाषेतला प्रोग्राम फाइल लिहितो आणि दुसऱ्या भाषेतला ती वाचतो, अशा ठिकाणी सी भाषेतील स्ट्रक्ट (वेगवेगळ्या प्रकारच्या घटकांची एकत्र बांधलेली नोंद) थेट फाइलमध्ये उतरवण्याची पद्धत सोडून द्यावी, असे माझे मत आहे. एक कॅर (1 बाइटचे अक्षर), एक इंट (4 बाइटांची पूर्णांक संख्या) आणि एक शॉर्ट (2 बाइटांची लहान पूर्णांक संख्या) अशी नोंद घ्या. बेरीज 7 बाइट होते. परंतु इंट चारच्या पटीतल्या पत्त्यावर यावा म्हणून नेहमीचा 64 बिट कंपायलर कॅरनंतर 3 आणि शेवटी 2 बाइट मोकळे सोडतो आणि आकार 12 सांगतो. पायथन भाषेतल्या, असे बाइट वाचणाऱ्या स्ट्रक्ट मोड्यूलला हेच वर्णन दिले, तर ते मधली जागा धरते, शेवटची धरत नाही, आणि उत्तर 10 येते. परिणामी पहिली नोंद अचूक वाचली जाते, दुसरीपासून सारे सरकते, आणि एकाच नोंदीवर चाचणी घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गूगलने 2008 मध्ये प्रोटोकॉल बफर्स (वेगवेगळ्या भाषांतल्या प्रोग्रामांनी माहितीची देवाणघेवाण करण्याची ठरलेली पद्धत) सर्वांसाठी खुले केले. ते का वापरू नयेत?

बाइटबहाद्दर:
असहमत. बीएमपी या प्रकारच्या चित्र-फाइलचे पहिले शीर्ष (सुरुवातीचा माहितीचा भाग) 14 बाइटांचे असते, सरळ लिहिलेले स्ट्रक्ट मात्र 16 भरते. तरीही घटकांचा क्रम, लांबी आणि लिटल एंडियन (संख्येचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी) मांडणी ठरलेली असल्यामुळे ही फाइल जवळजवळ प्रत्येक भाषेत वाचता येते. तुमची तक्रार वर्णन न लिहिणाऱ्यांबद्दल आहे, तिची शिक्षा बायनरी मांडणीला कशाला? शिवाय ठरावीक लांबीच्या नोंदी असतील, तर हजारावी नोंद कुठे आहे हे एका गुणाकाराने कळते. प्रोटोकॉल बफर्समध्ये नोंदींची लांबी बदलती असल्याने ही सोय आपोआप मिळत नाही, वेगळी सूची ठेवावी लागते.

जावावाला:
धागाकर्त्याशी सहमत. जावा भाषेतील बाइटबफर (बाइट वाचण्या-लिहिण्याचे साधन), काही सांगितले नाही तर, बिग एंडियन (सर्वांत जास्त किमतीचा बाइट आधी) धरतो, त्यामुळे लिटल एंडियन पद्धतीने चार बाइटांत लिहिलेला 1 तिथे 16777216 होऊन येतो, आणि जावातला बाइट चिन्हांकित (उणे संख्याही धरणारा, म्हणजे उणे 128 ते 127) असल्याने 200 चे उणे 56 होतात. हे प्रत्येकाने पुन्हा पुन्हा का निस्तरावे?

बाइटबहाद्दर:
क्रम बदलायला एक ओळ पुरते आणि चिन्हासाठी 255 शी अँड (बिटांची तुलना करून संख्या पुन्हा अधिक करणारी क्रिया) करावे लागते. तेवढ्यासाठी प्रोटोकॉल बफर्सचा स्कीमा (नोंदीचे वर्णन), कोड जनरेटर (त्यावरून कोड बनवणारे साधन) आणि लायब्ररी यांचा संसार छोट्या मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणातल्या चिमुकल्या संगणक-चिपवर) थाटणे मला तरी परवडत नाही.

धागाकर्ता:
मायक्रोकंट्रोलरचा मुद्दा मान्य. पण मग घटक एकेक करून, ठरलेल्या क्रमाने लिहा. अख्खे स्ट्रक्ट एका फटक्यात नको. सीमधला लाँग हा पूर्णांक प्रकार 64 बिट लिनक्सवर 8 बाइटांचा आणि विंडोजवर 4 बाइटांचा असतो, म्हणजे भाषा तीच ठेवूनही फाइल बिघडू शकते. आणखी एक प्रश्न उरतोच: पुढच्या वर्षी नोंदीत एक घटक वाढला, तर जुन्या वाचक प्रोग्रामला ते कसे कळणार?

बाइटबहाद्दर:
फाइलच्या शीर्षात आवृत्ती आणि नोंदीची लांबी लिहून. नवा घटक नेहमी शेवटी जोडायचा, म्हणजे जुना प्रोग्राम ओळखीचे बाइट वाचतो आणि उरलेले ओलांडतो.