ब्रेड पसरट होतो आणि बूड पांढरं राहतं: दोष प्रूफिंगचा (पीठ फुगवण्याचा) की सिलिकॉन मॅटचा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

घरी ब्रेड करते. दोन तक्रारी काही केल्या जात नाहीत. एक म्हणजे गोळा ट्रेवर ठेवला की वर चढायच्या ऐवजी आडवा पसरतो आणि ओव्हनमध्ये गेल्यावरही अंग धरत नाही. दुसरी, वरून छान रंग येतो पण बूड पांढुरकं आणि दमट राहतं, सुरी खाली पोचली की चिकटते. लोफ टिनमध्ये करायचे तेव्हा यातलं काहीच नव्हतं. टिन सोडून सिलिकॉन मॅटवर मोकळा ब्रेड करायला लागल्यापासून हे सुरू झालंय, त्यामुळे घरात सगळ्यांनी मॅटलाच आरोपी ठरवून टाकलंय. मला तेवढी खात्री नाही.

प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, तेल दोन चमचे. पाणी कोमट घेते. हाताने मळते, पीठ ताणून धरलं तर न फाटता आरपार उजेड दिसेपर्यंत. मग झाकून, ओव्हनचा फक्त दिवा लावून आत एक तास. त्यानंतर गोल आकार देऊन मॅटवर, ओल्या फडक्याखाली आणखी एक तास. शेवटी मॅट दोन्ही बाजूंनी उचलून ट्रेवर आणि २०० अंशांवर ३५ मिनिटं. दोन्ही वेळा रेसिपीत "एक तास किंवा दुप्पट होईपर्यंत" असं लिहिलंय.

यीस्ट ताजं आहे, पाण्यात फेस येतो. तेव्हा "यीस्ट बदलून बघा" सोडून बाकी काहीही सुचवा.

प्रतिसाद १

मधोमध आडवा कापल्यावर आत कसा दिसतो? भोकं कुठे आहेत, वर की खाली? आणि वरचा रंग छान म्हणताय तो खरंच सोनेरी की फिकट पिवळा? ओव्हनच्या दिव्याने आत किती तापमान होतं ते मोजलंय का कधी? एवढं सांगितलंत की निम्मं निदान इथेच होईल.

धागाकर्ती

आत्ताच बघितलं. वरच्या कडेला, सालीच्या लगेच खाली मोठी भोकं, खाली गच्च. रंग नीट बघितला तर फिकटच म्हणायला हवा. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून थर्मामीटर ठेवला, ३७ अंश! मला वाटायचं थोडीशी ऊब असेल.

प्रतिसाद २

मग उत्तर मिळालं. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि कारणंही दोन. पसरट होण्याचं कारण प्रूफिंग, बुडाचं कारण मॅट. दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्यामुळे एकच वाटतायत. टिनमध्येही पीठ जास्त फुगत असणारच, पण टिनच्या भिंतींनी ते उभं धरून ठेवलं. मोकळ्या गोळ्याला तो आधार नाही.

आधी प्रूफिंग. ५०० ग्रॅम मैद्याला ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट म्हणजे जवळजवळ दीड टक्का. हे प्रमाण चूक नाही, पण ते २४-२५ अंशांच्या खोलीसाठी ठीक आहे. तापमान ८-१० अंशांनी वाढलं की यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ३७ अंशांत जे पीठ तुम्ही तासभर ठेवताय ते अर्ध्या तासातच तयार झालेलं असतं, पुढचा अर्धा तास ते फक्त दमतं. हवा धरून ठेवणारी ग्लुटेनची जाळी ताणून ताणून पातळ होते. असं पीठ दुसऱ्या फुगण्यात आणखी तासभर गेलं की भट्टीत शेवटची उसळी घ्यायला त्याच्यात काही शिल्लकच राहत नाही. फिकट रंगही त्यातूनच येतो, कारण साल तांबूस करणारी साखर यीस्टने आधीच खाऊन टाकलेली असते. ब्रेडला किंचित आंबूस, दारूसारखा वास येतो का? येत असेल तर शंकाच नको.

काय करायचं:

यीस्ट ४-५ ग्रॅमवर आणा. ओव्हनचा दिवा बंद. पीठ ओट्यावर, खोलीच्या तापमानाला. पाणी कोमट घेऊ नका. इन्स्टंट यीस्टला कोमट पाण्याची गरज नसते, ते थेट मैद्यात मिसळतं. (अ‍ॅक्टिव्ह ड्राय असतं तर गोष्ट वेगळी, ते आधी ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात भिजवतात.) बेकरीवाले पाण्याचं तापमान हिशोबाने काढतात. मळून झाल्यावर पीठ २६ अंशांचं हवं, तर २६ गुणिले ३ (खोली, मैदा, पाणी अशी तीन तापमानं) म्हणजे ७८, त्यातून खोलीचं आणि मैद्याचं तापमान वजा. खोली ३० आणि मैदा ३० असेल तर उरले १८, म्हणजे चक्क गार पाणी. यंत्राने मळत असाल तर घर्षणाने पीठ आणखी तापतं, तेव्हा त्याहूनही गार.

आणि "एक तास" हे शब्द रेसिपीतून खोडून टाका. ज्याने लिहिलं त्याच्या स्वयंपाकघरातला तो तास आहे.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत. भर एवढीच की दुसरं फुगणं "दुप्पट" होईपर्यंत नेऊच नका. पहिलं दुप्पट चालतं. मोकळ्या ब्रेडचं दुसरं पाऊणपट ते दीडपटीच्या मध्ये कुठेतरी थांबवायचं.

धागाकर्ती

"पाऊणपट ते दीडपट" म्हणजे नक्की काय? आणि गोल तळाच्या भांड्यात दुप्पट झालं की नाही हे कसं ओळखायचं? मला तर ते दर वेळी दुप्पटच वाटतं.

प्रतिसाद ३

हो, घाईत लिहिलं, त्यातून काहीच कळत नाही. मूळ आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट असं वाचा.

प्रतिसाद २

गोल भांडं फसवतंच, वर रुंद असल्यामुळे पीठ कितीही फुगलं तरी डोळ्याला अंदाज येत नाही. सरळ उभ्या भिंतींचा पारदर्शक डबा घ्या, पीठ दाबून सपाट करा आणि त्या उंचीवर रबरबँड लावा. पुढचं काम डबा करतो. डबा नसेल तर मळल्यावर सुपारीएवढा गोळा तोडून अरुंद ग्लासात ठेवा, त्यावर खूण करा आणि ग्लास पिठाशेजारीच राहू द्या. फक्त एक पथ्य: छोटा गोळा लवकर तापतो नि लवकर गार होतो. त्यामुळे उबेत ठेवलात तर तो मोठ्या पिठाच्या पुढे पळतो.

दुसऱ्या फुगण्याला डबा कामाचा नाही, तिथे बोट. बोटाला मैदा लावून गोळ्याच्या कडेला अर्धा इंच दाबा. खळगा लगेच उसळून भरला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरून थांबला तर ओव्हन तापलेला असायला हवा, ताबडतोब आत. खळगा तसाच राहिला, किंवा आजूबाजूचं पीठही खाली बसायला लागलं, तर वेळ टळली. तेव्हाही टाकून देऊ नका. हवा काढा, पुन्हा आकार द्या आणि आधीच्या निम्म्याहून कमी वेळ फुगवा. चव जरा आंबूस लागेल, पण ब्रेड उभा राहील. पीठ फ्रिजमधून काढलेलं असेल तर मात्र या बोटाच्या परीक्षेवर फार विसंबू नये, गार पीठ मुळातच ताठ असतं.

ओव्हन तापायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, हे धरून चाला. बऱ्याच जणांचं पीठ त्या वाट बघण्यातच हातचं जातं.

प्रतिसाद ४

आता मॅटबद्दल मी बोलते, कारण मला मॅट आवडते आणि तिच्यावर उगाच आळ येतो.

बेकिंगची मॅट म्हणजे काचतंतूंची जाळी आणि तिच्यावर सिलिकॉनचा थर. सिलिकॉन उष्णता हळू पोचवतं. बिस्किटांना हा गुण आहे, बूड करपत नाही. ब्रेडला तोच दोष. त्यात बुडाची वाफ खाली जायला वाट नाही, म्हणून दमटपणा. यावर तीन वाटा आहेत. मॅट फक्त मळायला आणि आकार द्यायला ठेवा, भाजायला बेकिंग पेपर घ्या. किंवा मॅटवरच भाजा, पण साल घट्ट झाली की शेवटची दहा मिनिटं ब्रेड मॅटवरून उचलून थेट ओव्हनच्या जाळीवर ठेवा. तिसरी वाट म्हणजे ब्रेडसाठी मिळणारी छिद्रांची मॅट. तिच्यातून वाफ निघून जाते.

सर्वांत चांगलं बूड हवं असेल तर जाड ट्रे उलटा करून खालच्या कप्प्यात ओव्हनबरोबरच तापवा, आणि ब्रेड पेपरसकट त्यावर सरकवा. मग २०० ऐवजी २२० ला सुरुवात करा. बेकिंग पेपर साधारण २२० पर्यंत टिकतो, त्यापुढे काळा पडून कुरकुरीत होतो, पाकिटावरचा आकडा बघा. मॅटचाही बघा, काही २३० च्या आहेत, काही २५० च्या. ग्रिलखाली मॅट कधीच नको. आणि ज्या मॅटवर वर्तुळं नि इंच छापलेले असतात त्यातल्या बऱ्याच नुसत्या मळण्यासाठी असतात, त्या ओव्हनमध्ये चालतीलच असं नाही.

आणखी एक, तुम्ही फुगलेला गोळा मॅटसकट उचलून ट्रेवर ठेवता ना? तिथे मॅट झोळीसारखी वाकते आणि गोळ्याची कड दबते. आकार दिल्यावर ज्यावर भाजायचं त्यावरच ठेवत जा.

धागाकर्ती

हे लक्षातच आलं नव्हतं, मॅट दर वेळी वाकतेच. आकार देताना ती ओट्यावर सरकते, त्याला काय करू? आणि धुतल्यावरही तेलकट, चिकट राहते. तेल लावते म्हणून का?

प्रतिसाद ४

ओटा ओल्या फडक्याने पुसा आणि तो ओला असतानाच मॅट पसरा, चिकटून बसते. आकार देताना मैदा भुरभुरू नका. गोळा स्वतःकडे ओढताना खाली थोडी पकड लागते, तरच वरची साल ताणली जाते. मैद्यावर तो नुसता घसरतो. जोडाची बाजू खाली.

तेल अजिबात लावू नका, गरज नसते. ते दर वेळी भाजलं जाऊन त्याचा पातळ राप बसतो, तोच चिकट लागतो. गरम पाणी आणि बिनवासाच्या साबणाने धुवा, कारण सिलिकॉन वास धरून ठेवतं आणि मग ब्रेडला साबणाचा वास मारतो. राप जुना असेल तर खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट अर्धा तास लावून ठेवा, मऊ स्पंजने काढा. तारेची घासणी नको. घडी न घालता गुंडाळून ठेवा.

प्रतिसाद ५

माझी मॅट ट्रेपेक्षा मोठी आहे, कडा वर येतात. कात्रीने कापली तर चालेल का?

प्रतिसाद ४

नाही. कापली की काचतंतू उघडे पडतात आणि त्यांचे तुकडे खाण्यात येऊ शकतात. याच कारणासाठी तिच्यावर सुरी किंवा धातूचा स्क्रॅपर चालवू नका, पीठ तोडायला प्लॅस्टिकचा घ्या. आधीच चिरली असेल तर ओव्हनमधून तिची रजा. मळायलाही वापरू नका. तुमच्या ट्रेला बेकिंग पेपरच बरा.