१० लिटरच्या कॅबिनेटमध्ये पीसी बसवायचाय, कुलर आणि ग्राफिक्स कार्डचा मेळ कसा घालू?

टेबलाचा_कोपरा
नमस्कार मंडळी. मोठा टॉवर आता काढून टाकायचाय आणि मॉनिटरच्या शेजारी मावेल असा छोटा पीसी बनवायचाय. पण छोटा म्हणून कामात तडजोड नकोय, दिवसभर दाविंची रिझॉल्व्हवर ४के एडिटिंग, अधूनमधून ब्लेंडर आणि रात्री गेम असा वापर आहे. कॅबिनेट फ्रॅक्टल टेरा घ्यायचं जवळपास नक्की केलंय, १०.४ लिटरचं. प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स आणि ३२ जीबी डीडीआर५ रॅम आहे तीच वापरणार. मिनी आयटीएक्स (छोट्या मापाचा) मदरबोर्ड, कुलर, पॉवर सप्लाय आणि कार्ड नवीन घ्यायचंय.

अडलंय ते असं, की नॉक्टुआचा एनएच-एल१२एस कुलर आवडलाय, ७० मिमी उंच आहे आणि टेरात ७७ पर्यंतचा कुलर बसतो असं लिहिलंय, म्हणजे बसायला हवा. कार्ड मात्र आरटीएक्स ५०७० घेऊ की ५०६० टीआय तेच ठरत नाहीये. ७५० वॅटचा एसएफएक्स (छोट्या मापाचा) पॉवर सप्लाय पुरेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज. रेंडर लावून शेजारीच बसून वाचता आलं पाहिजे एवढी शांतता हवी.

मिमी_मोजणारा
बसायला हवा म्हणताय पण थांबा जरा, टेरात तो ७७ चा आकडा सुटा वाचायचा नसतो. या कॅबिनेटमध्ये मधे एक उभा कणा आहे, त्याच्या एका बाजूला बोर्ड आणि दुसऱ्या बाजूला रायझर केबलवर (कार्ड बोर्डापासून लांब बसवता यावं म्हणून असलेली जोडकेबल) कार्ड, आणि तो कणा डावीउजवीकडे सरकवता येतो. कुलरला ७७ दिले तर कार्डाच्या जाडीला ४३ उरतात, कार्डाला ७२ दिले तर कुलरला ४८. कुठल्याही टोकाला बेरीज १२० च. म्हणजे कुलर आणि कार्ड ही एकच खरेदी आहे असं धरून चाला, एक आधी घेऊन टाकलं की दुसऱ्याला उरेल त्या जागेत बसावं लागतं.

आता खरी गोम. कणा हवा तिथे थांबत नाही, त्याला ठरलेल्या सात जागा आहेत, दोन जागांमधलं अंतर साधारण ५ मिमी पडतं. समजा ५० मिमी जाडीचं अडीच स्लॉटचं कार्ड घेतलंत, तर कागदावर ५० अधिक ७० बरोबर १२० होतात आणि तुमचा कुलर बसला असं वाटतं. पण कार्डाला ५० ची जागा करायला कणा पुढच्या खाचेत न्यावा लागणार, तिथे कुलरच्या बाजूला ६७-६८ च्या आसपासच राहतात, मग एल१२एस वर झाकण लागणार नाही. मॅन्युअलमध्ये प्रत्येक खाचेचा तक्ता दिलाय तो समोर ठेवूनच ऑर्डर करा. एल१२एस हवाच असेल तर कार्ड निखळ दोन स्लॉटचं, ४० मिमीच्या आसपासचं बघा.

लांबीला ३२२ मिमी मिळतात, ती फारशी अडत नाही. जाडीच अडते. एनव्हिडियाने २०२४ मध्ये छोट्या कॅबिनेटसाठी कार्डांची मापं ठरवून दिलीत, ३०४ लांब, १५१ उंच आणि ५० जाड, वायर वळायची जागा धरून. पण कार्डावर त्या मापांचा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका, त्यात बसणारं ५० चं कार्ड तुमच्या कुलरला वर सांगितलं तसं नडणारच.

मंद_पंखा
मिमीभाऊंनी जागेचं सांगितलं, मी उष्णतेचं सांगतो, आवाजाचं उत्तर त्यातच आहे.

७७००एक्स वर १०५ वॅट लिहिलेलं असतं, पण मोकळा सोडला तर तो १४२ वॅटपर्यंत खेचतो आणि कुलर कमी पडला की सरळ ९५ अंशाला जाऊन बसतो. एएमडीने तो तसाच बनवलाय, बिघाड वगैरे नाही. पण छोट्या कुलरवर ९५ म्हणजे पंखा सतत जोरात, आणि तुम्हाला नेमकं तेच नकोय. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ६५ वॅटचा इको मोड लावा, मग मर्यादा ८८ वॅटवर येते. ७७०० नावाचा बिनएक्सचा प्रोसेसर येतो ना, तो मुळातच या ८८ वर चालतो आणि कामात एक्सच्या फार मागे नाही, यावरूनच कळतं की वरचे ५०-५५ वॅट बहुतांश उष्णतेतच जातात. त्यावर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवणारी सेटिंग) उणे १५ पासून सुरू करा, दोनचार दिवस नेहमीचं काम करून बघा, स्थिर वाटलं तरच पुढे जा. कोणीतरी उणे ३० लिहिलंय म्हणून आपणही डोळे झाकून उणे ३० लावू नये, प्रत्येक चिप वेगळी.

कार्डाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या कामाला ५०६० टीआयचं १६ जीबीवालं घ्या. ५०७० वेगवान आहे यात वाद नाही, पण ते २५० वॅटचं आणि मेमरी १२ जीबी. ५०६० टीआय १८० वॅटचं. ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) टाकलं किंवा ब्लेंडरमध्ये मोठा सीन उघडला की आधी मेमरी संपते, वेग नंतर आठवतो. शिवाय १८० वॅटची कार्डं दोन पंख्यांची, आखूड आणि पातळ सहज मिळतात. कार्ड १८०, प्रोसेसर ८८, बाकी सगळं मिळून धरा ५०, एकूण सव्वातीनशेच्या आत. ७५० चा पॉवर सप्लाय पुरून उरेल आणि अर्ध्याहून कमी लोडवर त्याचा स्वतःचा पंखाही बहुतेक वेळ बंद किंवा अगदी हळू राहील.

मोकळी_हवा
मी वेगळं सांगते, राग मानू नका. १० च लिटर पाहिजे हे नक्की आहे का? कूलर मास्टरचं एनआर२०० साधारण १८ लिटरचं आहे, टेबलावर तेही मावतं, उंच टॉवर कुलर बसतो, १२० चे मोठे पंखे लागतात आणि हा खाचांचा हिशोबच करावा लागत नाही. शांतता ही पहिली अट असेल तर मोठा पंखा हळू फिरवणं याला तोड नाही.

मिमी_मोजणारा
@मोकळी_हवा मुद्दा बरोबर आहे, २५० वॅटचं कार्ड हवं असतं तर मीही तेच सुचवलं असतं. पण पावणेतीनशे वॅटच्या आत राहणारा प्रोसेसर-कार्डचा जोड टेरात आरामात राहतो.

वायर_आवरा
जोडणीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, छोट्या कॅबिनेटमध्ये खरा घाम इथेच निघतो.

बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवायच्या आधी प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कुलर सगळं बाहेरच टेबलावर लावा आणि तिथेच एकदा चालू करून बघा. ७७००एक्स मध्ये डिस्प्ले असतोच, त्यामुळे कार्ड न लावता मॉनिटर थेट बोर्डाला जोडता येतो. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील, एएम५ (या प्रोसेसरच्या सॉकेटचा) बोर्ड डीडीआर५ रॅमची जुळणी करत असतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नका, शांत बसा.

प्रोसेसरची आठ पिनची पॉवर वायर कुलर बसल्यावर हाताला येत नाही. बोर्ड आत सरकवतानाच ती खोचून घ्या. आयटीएक्स बोर्डांना बऱ्याचदा दुसरा एम.२ (एसएसडीचा) स्लॉट पाठीमागे असतो, तिथे हवा जवळपास नसतेच. सिस्टिमचा आणि एडिटिंगच्या कॅशेचा ड्राइव्ह पुढच्या हीटसिंकवाल्या स्लॉटमध्ये लावा आणि मागे साठवणीचा.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: जुन्या टॉवरच्या पॉवर सप्लायच्या वायरी नव्याला लावू नका. प्लग अगदी फिट बसतो, पण सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा. चालू केलं की बोर्ड किंवा ड्राइव्ह जळतो, आणि मग काही करता येत नाही. आखूड वायरी हव्या असतील तर तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेल्याच घ्या.

टेबलाचा_कोपरा
सगळ्यांचे मनापासून आभार, खाचांचं तर मला माहीतच नव्हतं. मग ५०६० टीआय १६ जीबी, दोन स्लॉटचं, आणि एल१२एस. इको मोड पहिल्या दिवसापासून. एकच राहिलं, टेराची रायझर केबल पीसीआयई (कार्ड आणि बोर्डामधली जोडणी) ४ ची, म्हणजे चौथ्या पिढीची आहे आणि कार्ड ५ चं, तर काही अडचण?

वायर_आवरा
वेगात फरक जाणवणार नाही. अडचण आली तर वेगळी येईल, कार्ड आणि बोर्ड आपापसात ५ वर बोलायला जातात, केबलला ते झेपत नाही आणि स्क्रीन येत नाही किंवा गेममध्ये मधेच काळी होते. म्हणून कार्ड लावण्याआधीच मॉनिटर बोर्डाला जोडून बायोसमध्ये जा आणि त्या स्लॉटची सेटिंग ऑटोवरून जेन ४ करून ठेवा. बायोस अपडेट केलं की ही सेटिंग आणि इको मोड दोन्ही मूळपदावर जातात, तेव्हा परत लावायची.

मंद_पंखा
एल१२एस लावताना रॅमची उंची बघा, आरजीबीचे उंच तुरे असलेली असेल तर अडू शकते. आणि पंख्याचा वेग बदलायला बायोसमध्ये चारपाच सेकंदांचा उशीर ठेवा, नाहीतर रायझनचं तापमान क्षणात वरखाली होतं आणि पंखा नुसता हुंकारत राहतो. वेगापेक्षा तो चढउतारच कानाला जास्त खुपतो.