एचआरटीचे (मेनोपॉजसाठीच्या हार्मोन उपचाराचे) पॅच कुठेच मिळत नाहीयेत, तुम्ही काय करताय? (यूके)

स्लाउकर_51
मैत्रिणींनो, 50 मायक्रोग्रॅमचे इस्ट्रोजेनचे पॅच आठवड्यातून दोनदा आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल असं चालू आहे. या महिन्यात पॅचच नाहीत, केमिस्ट म्हणतो कधी येतील सांगता येत नाही, जीपीचा (आपल्या भागातल्या डॉक्टरचा) फोन लागता लागत नाही. शेवटचा पॅच दोन दिवस जास्त ओढलाय, कडा सुटून त्याला काळ्या लेगिंगचे तंतू चिकटलेत 😞 रात्री दरदरून घाम, मीटिंगमध्ये साधे शब्द आठवत नाहीत. आई म्हणते पुण्याहून पाठवते. कोणी मागवलंय का? आणि कॅप्सूल पण बंद करू का?

हॅरोची_मावशी
अगं 2022 ला ऑइस्ट्रोजेलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्या जेलचं, हेच झालं होतं, मेनोपॉजवर टीव्हीवर बोलायला लागले आणि मागणी एकदम वाढली, शेवटी एका वेळी तीनच महिन्यांचं द्यायचं ठरलं. तेव्हा सगळ्या जणी जेल जेल करत पॅचकडे पळाल्या, आता उलटं 😄 एकाच गोष्टीला धरून बसू नकोस, पॅच, जेल, स्प्रे सगळ्यात तेच इस्ट्रोजेन असतं.

काउंटरच्या_मागून
मी फार्मसीत आहे. तुझं प्रिस्क्रिप्शन ऑनलाइन असेल तर तुझ्या केमिस्टला सांग सिस्टिममध्ये परत सोडा, मग दुसरा केमिस्ट ते उघडू शकतो. छोट्या दुकानांत आधी फोन कर, त्यांचे होलसेलर वेगळे असतात. जीपीला फोन नको, ऑनलाइन फॉर्म भर आणि स्पष्ट लिही, "पॅच मिळत नाहीत, तेवढ्याच डोसचं जेल द्या". 50 च्या पॅचला साधारण जेलचे दोन पंप धरतात, पण ते त्यांच्याकडूनच लिहून घे. आणि गर्भपिशवी काढली नसेल तर जेलबरोबर कॅप्सूल हवीच, नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर जाड होतं. मधल्या दिवसांत कॅप्सूलचं काय ते पण त्याच फॉर्ममध्ये विचार.

लेस्टरवाली
पोस्टाने नको गं मागवू. पुण्यात सस्टेन 200 नावाची कॅप्सूल मिळते, त्यात तेच प्रोजेस्टेरॉन आहे, पण तुझा प्रॉब्लेम पॅचचा आहे ना. स्वतः गेलीस तर तिथल्या गायनॅकला दाखव, चिठ्ठी घे, ती बरोबर ठेव. आणि इंग्लंडमध्ये असशील तर एचआरटीचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट काढ, एप्रिल 2023 पासून आहे, दोन प्रिस्क्रिप्शनच्या पैशात वर्ष निघतं. नाहीतर दर वेळी औषध बदललं की परत पैसे.

स्लाउकर_51
ताई, फॉर्म भरला, दुपारी जेल लिहून आलं, कॅप्सूल चालूच ठेवायला सांगितलीये आणि स्टेशनजवळच्या छोट्या दुकानात जेल मिळालं पण!! आता हे दंडाला लावायचं की मांडीला?

काउंटरच्या_मागून
दोन्ही चालतं, छातीला नको. पाच मिनिटं सुकू दे, मग कपडे. आणि आधी तो जुना पॅच काढ बाई.