शिंकेसरशी लघवी निसटते. सुया टोचून थांबते का?

रामबागवाली:
वय ५८, दोन बाळंतपणं. शिंकले, खोकले, कणकेचा डबा उचलला की निसटतंच. परवा इथं इंदुरात खजराण्याच्या गणपतीला रांगेत शिंक आली आणि साडी ओली. रात्री सराफ्यात खायला जाणं तर सोडलंच आहे. यांना अजून बोलले नाहीये. शेजारच्या वहिनींच्या ओळखीत एक ॲक्युपंक्चरवाला आहे, पंधरा वेळचे पैसे आधी मागतो. देऊ का?

फिजिओताई:
मावशी, शिंकताना निसटते, की घाईची लागून संडासापर्यंत पोचवत नाही? दोन्ही दुखणी वेगळी. शिंकेच्या प्रकारावर चीनमध्ये ५०४ बायकांवर अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. कमरेखाली माकडहाडाच्या आसपास सुया, ६ आठवड्यांत १८ वेळा. तासाभराच्या पॅडच्या चाचणीत गळती सरासरी ९.९ ग्रॅमनं कमी झाली, लुटुपुटूच्या सुयावाल्यांची २.६ नं. म्हणजे अगदीच थोतांड नाही. पण त्या सुयांना विजेचा हलका प्रवाह जोडलेला होता, हे विसरू नका.

दांडियाबाजार:
माझं घाईचं होतं. कुलपात किल्ली घातली की संपलं! बडोद्यात डॉक्टरांनी घोट्याच्या वर, आतल्या बाजूला एकच बारीक सुई लावून करंट दिला. अर्धा तास, आठवड्यातून एकदा, १२ वेळा. पायाचा अंगठा आपोआप वळला की सुई बरोबर बसली. ती नस मूत्राशयाच्या नसांशी जोडलेली असते म्हणे, आणि चिनी सुईवाल्यांचा एक बिंदूही तिथंच. रात्रीच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या. चहाही कमी केला होता, तेव्हा सगळं श्रेय सुईला देत नाही.

रामबागवाली:
माझं शिंकेचंच. त्या माणसाला करंटचं विचारलं, तर "अम्माजी, करंट-वरंट नी लगता."

फिजिओताई:
मग पैसे पर्समध्येच राहू द्या. आधी लघवी आणि साखर तपासा, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर व्यायाम: वारा अडवताना आवळतो तो स्नायू आवळायचा, मनात आठपर्यंत मोजायचं, सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखू नका, आणि लघवी मध्येच अडवून सराव नको. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका.

रामबागवाली:
आज पोहे परतताना दहा वेळा केलं. मग वरून भुरभुरलेल्या जिरावन मसाल्याचा ठसका लागला, तेव्हा मात्र आवळायचं विसरले.