पाचोळा ठेवायचा तर किती, कुठे आणि कधीपर्यंत?

शेवरी१२:
अंगणात पानगळीची दोन मोठी झाडं आहेत. खाली हिरवळ, कडेला फुलझाडांचे वाफे. किडे, फुलपाखरं, पक्षी यांच्यासाठी पाचोळा उचलायचा नाही असं ठरवलंय, पण मग हिरवळ मरेल ना? थर किती जाड ठेवू? मूवर फिरवून बारीक केला तर चालेल का?

मातीमोल:
हिरवळीवरचा उचलाच. ओली पानं चिकटून चटईसारखा थर होतो, उजेड मिळत नाही, गवत पिवळं पडून कुजतं. विरळ पानं पडलेली असतील तर राहू द्या. बाकीचा दाताळ्याने ओढून झाडाच्या घेरात आणि वाफ्यांत न्या. वाफ्यात ५ ते ८ सेंमी पुरे, झाडाखाली थोडा जास्त चालेल. फक्त खोडाला टेकवू नका, चार बोटं जागा मोकळी ठेवा. साल कायम ओली राहिली की बुरशी धरते. उडत असेल तर पाणी शिंपडून वर सुक्या डहाळ्या टाका.

कोषातला_किडा:
मूवर नको. खत हवं असेल तर बारीक करणं ठीक, किडे हवे असतील तर पानं अख्खीच हवीत. कित्येक पतंगांचे कोष पानातच गुंडाळलेले असतात, काहींची अंडी पानाला चिकटलेली. पात्याखाली सगळं जातं. गरम कंपोस्टच्या ढिगातही तेच, आत ५५-६० अंश तापमान झालं की काही वाचत नाही.
जागा निवडताना सावलीतली, ओल टिकणारी आधी घ्या. काजव्यांच्या अळ्या अशाच पाचोळ्यात गोगलगायी शोधत फिरतात. उन्हात वाळून कुरकुरीत झालेला थर त्यांच्या काय कामाचा?

खुरपं:
सगळाच पाचोळा ठेवण्याजोगा नसतो, हेही सांगा की. गुलाबाची काळे ठिपके पडलेली पानं वेगळी काढायचीच, ती बुरशी गळलेल्या पानांवर तग धरते आणि पुढच्या हंगामात नव्या पालवीवर चढते. कोवळ्या रोपांभोवतीही थर नको, गोगलगायी एका रात्रीत रोपं साफ करतात (काजवे असले तरी!). घराची भिंत आणि लाकडी कुंपण यांच्यालगत ढीग केलात तर वाळवी आणि आग, दोन्हींची भीती. पन्हळी मोकळ्या ठेवा.

शेवरी१२:
कळलं. मग उचलायचा कधी? आणि पाचोळा मातीतलं नत्र ओढतो म्हणतात, ते खरं का?

मातीमोल:
मातीत मिसळला तर ओढतो. वर पसरलेला असेल तर परिणाम वरच्या पातळ थरापुरताच, मुळांना जाणवत नाही. म्हणून खणून गाडू नका.
झाडाखालचा उचलायचाच नाही, वर्ष-दोन वर्षांत आपोआप कुजतो. वाफ्यात पेरणी करायची असेल तर तेवढ्या ओळीतला हाताने बाजूला सारा. कडक थंडीच्या भागात त्यासाठीही घाई नको. तापमान सलग काही दिवस १० अंशांच्या वर राहू दे, तोवर बरेच किडे बाहेर पडलेले नसतात. आणि सारलेला पाचोळा पिशवीत भरून टाकू नका, शेजारच्या झाडाखालीच ओता.