चापडगावच्या काठावरचे काळ्या डोक्याचे धोबी पक्षी: नवे पाहुणे की जुनेच?

गोदाकाठ, नाशिक
सप्रेम नमस्कार. होळीनंतरच्या पहिल्याच रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर चापडगावच्या बाजूने गेलो होतो. पट्टकादंब हा हिवाळी पाहुणा हंस एकही दिसला नाही, थापट्या आणि तलवार बदकेही विरळ झाली होती. मात्र पाणी उतरल्याने उघड्या पडलेल्या चिखलात आणि शेजारच्या कांद्याच्या वाफ्यांत धोबी पक्षी भरपूर होते. जानेवारीत याच जागी पाहिलेले धोबी फिकट, मळकट होते. आता त्यांतील काहींचे डोके काळे कुळकुळीत व पोट हळदीसारखे पिवळे, तर दोघांचे डोकेच संपूर्ण पिवळे होते. हे पक्षी नव्याने आले आहेत काय, आणि नोंद कोणत्या नावाने करावी?

निफाडकर
बहुधा पक्षी तेच आहेत, पोशाख बदलला आहे. उत्तरेकडे विणीसाठी निघण्यापूर्वी धोबी पिसे बदलतात आणि नरांवर विणीचे रंग चढतात. काळ्या डोक्याचा तो पिवळा धोबीच. त्याच्या अनेक उपजातींपैकी एकीच्या नराचे डोके काळे, तर दुसऱ्या एकीचे करडे असते. संपूर्ण पिवळ्या डोक्याचा मात्र वेगळ्या जातीचा, म्हणजे पिवळ्या डोक्याचा धोबी असावा. तरीही डोक्यावर फार विसंबू नये, कारण माद्या आणि कोवळे नर हमखास चकवतात. पाठ पाहावी: हिरवट असेल तर पिवळा धोबी, राखाडी असून पंखावर दोन ठळक पांढरे पट्टे असतील तर पिवळ्या डोक्याचा.

गंगापूर रोड
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. पिवळ्या डोक्याच्या धोब्याची पाठ कधी राखाडीऐवजी काळीभोर दिसते. ती हिमालय आणि तिबेटच्या पाणथळ कुरणांत वीण करणारी उपजात होय, तेव्हा काळी पाठ पाहून गोंधळू नये. आपल्याकडे बारमाही राहणारा, पांढऱ्या भुवईचा काळा-पांढरा धोबी यात धरू नये.

माझा खरा आग्रह वेगळा आहे. पहिला पाहुणा आल्याची नोंद सारेच उत्साहाने करतात, शेवटचा कधी गेला याची कोणी करत नाही. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतल्या राज्यातील पहिल्या पाणथळीबाबत, म्हणजे नांदूर मध्यमेश्वरबाबत तरी असे होऊ नये. म्हणून एप्रिल संपेपर्यंत दर आठवड्याला जावे आणि एकही धोबी न दिसल्यास तेही ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर लिहावे.

गोदाकाठ, नाशिक
मनःपूर्वक आभार. छायाचित्रे पुन्हा पाहिली. पिवळ्या डोक्याच्या दोघांची पाठ राखाडी असून पंखावरचे पट्टे स्पष्ट आहेत. काळ्या डोक्याच्या पाचांची पाठ हिरवट आहे. आणखी एका फिकट पक्ष्याचे छायाचित्र पाठमोरे नसल्याने त्याला नाव न देता केवळ 'धोबी' एवढेच लिहिले आहे. परतताना एका फुललेल्या पळसावर भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) कलकलता थवा भेटला. त्याची मोजदाद मात्र जमली नाही. येत्या रविवारी सकाळी सहाला पुन्हा निघणार आहे, गाडीत दोन जागा आहेत.